दुखत असतानाच या : डॉ. विमल तागडे

डॉ. विमल तागडे यांनी मला सहायक डॉक्टर म्हणून नोकरीवर घेतलं ते बाकावर बसवून.

मुलाखतीसाठी मी इस्त्रीचा शर्ट घालून, सर्टिफिकेटांची फाइल काखेत मारून आर्वीहून सकाळच्या एसटीनं वर्ध्याला आलो होतो. मॅडमनी फाइल उघडलीसुद्धा नाही. "बाहेर पेशंटच्या बाकावर जाऊन बसा. मी बोलावेपर्यंत उठू नका," एवढं म्हणाल्या आणि पुढच्या पेशंटला हाक मारली. सकाळभर मी त्या बाकावर बसून होतो. ऊन पायावर यायचं, पाय सरकवायचो, ऊन मागे मागे यायचं. मला राग आला होता. मी आर्वीचा माणूस. आमचा राग पोटात राहत नाही, सरळ चेहऱ्यावर येतो.

शेवटी आत बोलावून त्यांनी विचारलं, "काय ऐकलंत?" मी फणकाऱ्यानंच सांगितलं, की लोक बाहेर एक बोलतात आणि आत येऊन दुसरं बोलतात. माझ्या शेजारी एक बाई बसल्या होत्या. घडीची साडी, केसांना तेल, हातात पिशवी. मी सहज म्हटलं, तुम्ही तर चांगल्या दिसता. त्या म्हणाल्या, "आज बरं हाय म्हून तं आली. दुखत असते तं कोनाले येता येते बापा?"

मॅडमनी हातातलं पेन खाली ठेवलं. "हे परत सांगा," म्हणाल्या. मी परत सांगितलं. त्यांनी खिडकीकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि म्हणाल्या, "सोमवारपासून या." फाइल तशीच बंद राहिली. ती आजही माझ्या घरी आहे आणि आजवर कोणीच उघडलेली नाही.

मॅडमच्या एकसष्टीनिमित्त हा गौरवग्रंथ काढायचं ठरलं तेव्हा संपादक मंडळानं मला वैद्यकीय कार्यावर लिहायला सांगितलं. प्रसंग शुभ आहे, तेव्हा बेबीबाई उईके यांचं प्रकरण वगळावं, असंही सुचवण्यात आलं. सुचवणाऱ्यांचा हेतू चांगलाच होता. मी ही सूचना मॅडमच्या कानावर घातली. त्या हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. म्हणाल्या, "बेबीबाई नसतील तर मीही नको. मग एखादा फुलांचा अल्बम काढा, दिसायला छान दिसेल." त्यामुळे हा लेख गौरवाच्या रीतीला थोडा सोडून आहे. वाचकांनी दोष द्यायचाच झाला तर मला द्यावा, मॅडमना देऊ नये. त्यांनी स्वतःला पुरेसा दिलेला आहे.

मॅडम मूळच्या सिंदी रेल्वेच्या. वडील तिथल्या जिनिंगमध्ये कामाला होते. संध्याकाळी घरी येत तेव्हा भुवयांवर कापूस असे. आजोबांनी नागपूरला जाऊन दीक्षा घेतलेली. घरात दोनच गोष्टींची सक्ती होती, शिकायची आणि विचारायची. "असं का?" हा प्रश्न मोठ्यांनाही विचारायला बंदी नव्हती. तीच सवय त्या दवाखान्यात घेऊन आल्या आणि त्यामुळे बरीच माणसं दुखावली गेली. एकदा भर बैठकीत त्यांनी आमच्या वरिष्ठ सर्जनना विचारलं, "पित्ताशय काढलं, आता दुखायचं कारण संपलं, असं तुम्ही पेशंटला सांगता. मग या बाया परत का येतात?" सर्जनसाहेब पुढचे सहा महिने त्यांच्याशी बोलत नव्हते.

या परत येणाऱ्या बायांसाठीच मॅडमनी आयुष्य दिलं, म्हणून त्यांच्या आजाराबद्दल दोन शब्द सांगणं भाग आहे. यकृतातलं पित्त एका नळीतून आतड्यात उतरतं. नळीच्या तोंडाशी स्नायूचं एक लहान कडं असतं. ते उघडतं आणि मिटतं. पित्ताशयाची पिशवी शाबूत असते तोवर कडं मिटलेलं राहिलं तरी पित्ताला मागे साठायला जागा असते. खडे झाले, पिशवी काढली, की ती जागा गेली. आता ते कडं अवेळी आवळलं तर सगळा दाब नळीवर येतो. उजव्या बरगडीखाली कळ उठते, पाठीत जाते, माणूस गडाबडा लोळतो. काही तासांत कडं सैल पडतं, कळ जाते आणि मागे काहीही उरत नाही. रक्त ठीक, सोनोग्राफी ठीक. मग घरचे म्हणतात, सोंग करते. डॉक्टर म्हणतात, टेन्शन घेऊ नका. ही दोन्ही वाक्यं त्या बाईला सारखीच लागतात.

दुखणं चालू असताना रक्त घेतलं तर यकृताचे आकडे वाढलेले सापडतात. ते सापडले, नळी फुगलेली दिसली, म्हणजे कड्यात खरोखर अडथळा आहे आणि तोंडावाटे दुर्बीण घालून तिथे बारीक काप देऊन तो मोकळा करता येतो. पण आपल्याकडे दुखत असताना दवाखान्यात येतो कोण? कारंज्याहून, सिंदीहून, आष्टीच्या पलीकडून माणूस निघणार तो बरं वाटल्यावर, अंघोळ करून, धुतलेले कपडे घालून. डॉक्टरसमोर जायचं म्हणजे नीट होऊन जायचं, ही आपली रीत. शिवाय कळ उठली की गावातला डॉक्टर भल्या मनानं एक जबरी सुई टोचतो. त्यातली काही औषधं अफूच्या जातीची. त्यांनी गुंगी येते, पण कडं आणखी आवळतं. म्हणजे पुरावा घरीच राहतो आणि दवाखान्यात येते ती चापूनचोपून नेसलेली साडी.

बेबीबाई उईके अशाच आल्या होत्या. कारंजा घाडगेच्या हायवेवर त्यांचे पती रामदासभाऊ यांचं पंक्चरचं दुकान आहे, आणि शेजारच्या ढाब्यावर बेबीबाई भाकऱ्या थापत. घरात दोन लहान लेकरं. पित्ताशयाचं ऑपरेशन दुसरीकडे झालं होतं आणि कळा थांबल्या नव्हत्या. तव्यासमोर कळ उठली की त्या तशाच खाली बसत. ढाब्याचा मालक कुरकुर करी, सासू बोलत असे. चार ठिकाणी दाखवून झालं, चारही ठिकाणी सगळं नॉर्मल निघालं.

मॅडमनी त्यांना भरती करून घेतलं. कळ उठेल तेव्हा रक्त घेऊ, असं ठरलं. मी रोज वॉर्डात वाट बघत असे. कळ काही उठली नाही. का उठली नाही हे पुढे कळलं. आमच्या दवाखान्यात पेशंटला बिनतेलाची खिचडी मिळायची आणि त्या खिचडीवर बेबीबाईंच्या कड्याला आवळायचं कारणच नव्हतं. घरी गेल्या, ढाब्यावर जेवल्या, कळ उठली, ओसरली, पुन्हा आमच्याकडे आल्या. पुन्हा सगळं नॉर्मल.

शेवटच्या खेपेला त्या मॅडमसमोर बसून रडल्या. मी तिथे होतो. म्हणाल्या, "मॅडम, मी खोटं नाई बोलून राह्यली. समदे म्हनते इले काई नाई झालं, कामाचा कटाळा करते. तुमी तरी म्हना का मले दुखते."

मॅडमनी त्यांचा हात हातात घेतला. "दुखतं तुम्हाला. मी म्हणते," असं त्या म्हणाल्या.

आणि मग त्यांनी काप द्यायचं ठरवलं. त्या काळी अशा पेशंटना काप देण्याची पद्धत होती, मोठमोठ्या ठिकाणी देत असत. ज्यांच्या रक्तात आणि नळीत काहीच सापडत नाही त्यांना कापाचा फायदा होत नाही, हे नंतर सगळीकडे मान्य झालं. कापाचा एक धोका मात्र तेव्हाही माहीत होता. त्या कड्याला खेटूनच स्वादुपिंडाची नळी उघडते. हात लावला की कधी कधी स्वादुपिंड सुजतं. बहुतेकांचं दोन-चार दिवसांत उतरतं. काहींचं उतरत नाही. मॅडमनी हे बेबीबाईंना आणि रामदासभाऊंना नीट बसवून सांगितलं होतं. बेबीबाई म्हणाल्या, "करा मॅडम. असं जगन्यापरीस काईही करा." कुणीतरी त्यांच्यावर विश्वास ठेवला होता. त्या भरात त्यांनी आणखी कशालाही हो म्हटलं असतं.

काप छान झाला. कुठे रक्त नाही, कुठे घाई नाही. संध्याकाळी पोट फुगायला लागलं. पुढचे दिवस मी सविस्तर लिहिणार नाही. मूत्रपिंडं बंद पडली, मग श्वास. आमचं सगळं शिकलेलं आम्ही त्या एका खाटेभोवती उभं केलं आणि त्यानं काही झालं नाही. बेबीबाई गेल्या तेव्हा त्यांची लेकरं खाली आवारात पेरूवाल्याच्या गाडीपाशी खेळत होती.

त्या दुपारी आमच्या कार्यालयातल्या एका जाणत्या गृहस्थांनी मॅडमना बाजूला घेतलं. "पेशंट अशक्त होता, आजार गुंतागुंतीचा होता, एवढंच सांगा. ते लोक काही विचारणार नाहीत," असा सल्ला दिला. त्या माणसाचा मला तेव्हा जो तिटकारा आला तो अजून गेलेला नाही. मॅडम सरळ व्हरांड्यात रामदासभाऊंसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"रामदासभाऊ, बेबीबाईंचा आजार मरणाचा नव्हता," त्या म्हणाल्या. "मी जो काप दिला त्यानं स्वादुपिंड सुजलं आणि त्यात त्या गेल्या. तो काप द्यायलाच हवा होता, असं मला खात्रीनं सांगता येत नाही."

रामदासभाऊ म्हणाले, "तुमी जानून केलं काय?"

"नाही."

"मंग मले हे काऊन सांगून राह्यल्या?"

"कारण दुसरं कोणी तुम्हाला सांगणार नाही."

ते तिथेच जमिनीवर बसले. त्यांच्यासोबत आलेल्यांपैकी काहींनी वॉर्डाच्या काचा फोडल्या. मॅडम जागच्या हलल्या नाहीत. पोलिसांकडे तक्रार द्यायला त्यांनी नकार दिला. पुढे चौकशी बसली. तीत सगळ्यांनी मॅडमना निर्दोष ठरवलं. मॅडमनी मात्र ते कधी मान्य केलं नाही.

तेरवीला त्या कारंज्याला गेल्या. जाऊ नका म्हणून मी हात जोडले होते, मग जीपमध्ये मीच शेजारी बसलो. मांडवात त्यांना कोणी या म्हटलं नाही. त्या कडेला जमिनीवर बसून राहिल्या. बेबीबाईंची धाकटी बहीण सुनीता लेकरांना सांभाळायला आलेली होती. ती पुढे आली. "काऊन आल्या तुमी?" तिनं विचारलं. मॅडम उठून उभ्या राहिल्या आणि त्यांनी जे सांगितलं ते ऐकून मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. त्या म्हणाल्या, "तुमच्या आईला खडे होते, बहिणीला होते, तुम्हालाही होऊ शकतात. कधी असं दुखलं तर दुखत असतानाच या. बरं वाटायची वाट बघू नका. सुई घेऊन येऊ नका. कपडे बदलू नका. तशाच या." रामदासभाऊ लांबून म्हणाले, "झालं ना? आता जा."

परतताना मी चिडून म्हणालो, "मॅडम, तेरवीच्या मांडवात असं बोलतात का?" त्या म्हणाल्या, "मग कुठे बोलायचं? त्या आता आपल्याकडे कधी येणार आहेत?" आर्वीजवळ त्यांनी गाडी थांबवायला सांगितली आणि रस्त्याच्या कडेला जाऊन उलटी केली.

यानंतरची मॅडमची कार्यपद्धती सगळ्यांना ठाऊक आहे. "दुखत असतानाच या" ही पाटी त्यांनी ओपीडीच्या दारावर लावली. या तक्रारीच्या पेशंटसाठी वेळ, वार, नंबर सगळं रद्द केलं. कळ चालू असलेला माणूस दारात आला की आधी रक्त, मग कागद. गावोगावच्या डॉक्टरांना त्या स्वतः फोन करून सांगत, की कृपा करून ती सुई देऊ नका. काही जण ऐकत. काही जण, बाई आम्हाला शिकवते, असं म्हणत फोन ठेवत. मग मॅडम पुन्हा लावत.

खिचडीचं कोडंही त्यांनीच सोडवलं. वॉर्डात भरती केलेल्या पेशंटला त्यांनी घरचं नेहमीचं जेवण सुरू केलं. कुणाची तर्री, कुणाचा ठेचा, कुणाची तेलात पोहणारी वांग्याची भाजी. आहारतज्ज्ञ बाई रडकुंडीला आल्या. दवाखान्यात विनोद सुरू झाला, की जिभेला चव नसेल तर तागडे मॅडमच्या वॉर्डात भरती व्हा. जेवण झालं की आम्ही रक्त घ्यायच्या बाटल्या घेऊन वाट बघत बसायचो. दुसऱ्याचं दुखणं कधी सुरू होतं याची वाट बघणं हे कामच असं आहे, की त्यात विनोद फार टिकत नाही.

पण यापेक्षा मोठी गोष्ट मला वाटते ती अशी. ज्यांच्या रक्तात काहीच सापडत नसे, त्यांनाही मॅडमनी कधी खोटं ठरवलं नाही. सिंदीच्या शाळेतल्या एक शिक्षिका येत. सगळं नॉर्मल, आणि कळा मात्र खऱ्या. "कापून टाका मॅडम एकदाचं," असा त्यांचा धोशा. मॅडम त्यांना म्हणाल्या, "तुमचं दुखणं खरं आहे. माझा काप त्याचं औषध नाही. या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत." मग स्नायू सैल करणाऱ्या गोळ्या, आहार, झोप, मनावरच्या ताणासाठी थोडं औषध, आणि दर महिन्याला भेट. बाई रागावून दुसरीकडे गेल्या, परत आल्या, पुन्हा रागावल्या. मॅडमनी दार कधी बंद केलं नाही. आज त्या बाईंना महिन्याकाठी एखादी कळ येते. पूर्ण बरं केलं, असं मॅडम कधीही म्हणत नाहीत. म्हणतात, "आम्ही दोघी सांभाळून घेतो."

इथे एक गोष्ट लिहिली नाही तर मॅडमच मला फैलावर घेतील. बेबीबाईंनंतर मॅडमनी या आजारासाठी काप देणं पूर्ण थांबवलं. ज्यांना गरज होती, ज्यांचा पुरावा हातात होता, त्यांनाही त्या नागपूरला पाठवू लागल्या. काही गेले. काहींना नागपूर झेपलं नाही, ते घरी जाऊन दुखणं सोसत बसले. एकदा मी त्यांच्या खोलीत जाऊन भांडलो. "तेव्हा नको होता तिथे काप दिलात, आता हवा तिथे देत नाही. दोन्हीकडे माणूसच सोसतो ना?" मॅडम म्हणाल्या, "कळतं मला." मी म्हटलं, "मग?" त्यांनी आपले दोन्ही हात टेबलावर ठेवले आणि म्हणाल्या, "यांना कळत नाही."

अशी काही वर्षं गेली. मध्यंतरी दोन्ही घरांनी ठरवून रामदासभाऊंचं सुनीताशी लग्न लावलं होतं. लेकरं तिलाच आई म्हणू लागली. तिलाही खडे झाले, पित्ताशय काढलं. आमच्याकडे नाही, ते साहजिकच होतं. आणि एका दुपारी आमच्या दारात एक ट्रक येऊन थांबला. केबिनमधून रामदासभाऊ उतरले. हात ग्रीसनं काळे, अंगात दुकानातलं बनियन. त्यांनी सुनीताला उचलून खाली घेतलं. ती दुमडलेली होती, अंगावर पिठानं भरलेली साडी होती, पायात चप्पल नव्हती. टायर बदलायला आलेल्या ट्रकवाल्यानंच त्यांना आणलं होतं.

"सुई नाई घेऊ देल्ली," रामदासभाऊ पहिलं वाक्य बोलले ते हे. "कपडे बी नाई बदलू देल्ले. तुमी सांगतलं होतं."

त्यांच्याकडे बघून मॅडमचा चेहरा कसा झाला, ते लिहायची माझ्यात ताकद नाही. त्यांनी स्वतःच्या हातानं रक्त घेतलं. यकृताचे आकडे कितीतरी पट वाढलेले आले. कळ ओसरली तसे उतरले. वॉर्डात पुन्हा कळ उठली, पुन्हा वाढले. नळी फुगलेली होती. नळीत खडा नव्हता. कड्यात अडथळा होता, यात आता शंकेला जागा नव्हती. बेबीबाईंच्या वेळी जो पुरावा मिळाला नाही तो सगळा समोर होता. आणि मॅडम रामदासभाऊंना म्हणाल्या, "मी नागपूरला चिठ्ठी देते. तिथे चांगले डॉक्टर आहेत."

"नागपूरले नाई जात," रामदासभाऊ म्हणाले.

"रामदासभाऊ, माझ्या हातून…"

"हो. तुमच्याच हातून. म्हून तं आलो." त्यांचा आवाज चढला. "नागपूरच्या डॉक्टरले काय मालूम हाय? तो म्हनन हजारात एखांदी मरते. तुमी पाह्यली हाय ते एखांदी. माही होती थे. तुमाले भेव वाटते ना? वाटू द्या. भेव वाटनाराच हात सांभाळून चालन."

मॅडम उठून खिडकीशी गेल्या. तोंड आमच्याकडे न करताच त्यांनी मला सांगितलं, "उद्या सकाळी पहिली केस घ्या."

सकाळी क्ष-किरणांपासून वाचवणारा शिशाचा एप्रन चढवला, पण बंद काही त्यांना बांधता येईनात. ते मी बांधले. दुर्बीण मात्र त्यांनी नेहमीसारखी हातात घेतली. मधल्या काळात विद्या पुढे सरकली होती. स्वादुपिंड सुजू नये म्हणून आधी देतात ते औषध दिलं, स्वादुपिंडाच्या नळीत बारीक नळी ठेवून ती मोकळी राखली. मग काप. काप देताच कोंडलेलं पित्त उसळून बाहेर आलं, पडद्यावर सगळं पिवळं झालं. मॅडम हळूच म्हणाल्या, "झालं." पण काप झाला म्हणजे धोका टळला नाही, हे त्या खोलीतल्या प्रत्येकाला माहीत होतं.

त्या दिवशी मॅडम सुनीताच्या खाटेपाशी स्टूल टाकून बसल्या. ओपीडी मी सांभाळली. खाटेच्या पलीकडे रामदासभाऊ उभे. संध्याकाळी सुनीता म्हणाली, "दुखून राह्यलं." मॅडमनी पोटावर हात ठेवला, नाडी बघितली, रक्त पाठवलं. स्वादुपिंडाचा आकडा थोडा वाढलेला होता. काहीच नाही म्हणण्याइतका कमी नाही आणि घाबरण्याइतका जास्त नाही. त्या पोटावरचा हात उचलेनात. मी चहा आणला, तो तसाच गार झाला. रामदासभाऊंनी विचारलं, "पोट फुगलं काय?" मॅडम म्हणाल्या, "अजून नाही." 'अजून' हा शब्द त्यांनी गाळला असता तर बरं झालं असतं, असं मला वाटलं. पण खोटा दिलासा देणं त्यांना जमत नाही.

पोट फुगलं नाही. दुसऱ्या दिवशी उन्हं वर आल्यावर सुनीतानं डोळे उघडले आणि म्हणाली, "भूक लागली." मॅडम स्टुलावरून उठल्या, बाथरूममध्ये गेल्या आणि बराच वेळ नळ चालू ठेवून आत राहिल्या. बाहेर आल्या तेव्हा रामदासभाऊ दारात होते. त्यांनी हात जोडले नाहीत, आभार मानले नाहीत. "इले वाचवलं म्हून बेबी परत नाई येत, मॅडम," ते म्हणाले. "नाही येत," मॅडम म्हणाल्या. मग दोघंही सुनीताच्या खाटेकडे गेले.

त्यानंतर मॅडमनी काप देणं पुन्हा सुरू केलं. हवा तिथेच. नको तिथे अजूनही नाही. आज विदर्भातले तरुण डॉक्टर त्यांच्याकडे शिकायला येतात. कापायचं कसं, हे त्यांना महिन्याभरात येतं. कापायचं कधी नाही, हे शिकायला ते मॅडमपाशी बसून राहतात.

हा लेख लिहिण्यापूर्वी मी कारंज्याला जाऊन आलो. बेबीबाईंबद्दल लिहायचं तर रामदासभाऊंना विचारल्याशिवाय कसं लिहिणार? ते एका ट्रकचं चाक उतरवत होते. मी सगळं सांगितलं. एकसष्टी आहे, पुस्तक निघणार आहे, त्यात मॅडमच्या चांगल्या कामाबद्दल लिहायचं आहे. त्यांनी चाक आडवं केलं आणि त्यावरच बसले.

"लिहा," म्हणाले. "पन माफ केलं असं लिहू नोका, साहेब. मी नाई केलं. बेबी मॅडमच्या हातानं गेली. तिचं नाव पुरं लिहा, बेबी रामदास उईके."

मी मान हलवली. आणखी काही लिहू का, असं विचारलं. ते हात पुसत राहिले. मी निघायला उठलो.

"हे बी लिहा," ते म्हणाले, "का मॅडमनं लय वर्स जगावं. तब्येत सांभाळावी. माह्या लेकराईले मायचा चेहरा याद नाई, साहेब. लहान होते. मी हाय, सुनीता हाय, अन् थ्या मॅडम हाय. दुर्बीन हाती धरली का त्याइले बेबी याद येते, हे मले मालूम हाय. मॅडम गेल्या तं मंग त्या दवाखान्यात बेबी कोनाले याद राहीन?"

मॅडम, तुमच्या एकसष्टीला आम्हा सर्व सहकाऱ्यांची आणि विद्यार्थ्यांची हीच मागणी आहे. खूप वर्षं जगा, धडधाकट जगा, आणि बेबी रामदास उईके यांना विसरू नका.